युनिव्हर्सल रिमोट

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार किंवा होम थिएटर, डीव्हीडी प्लेअर अशी निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच रिमोटने चालवता यावीत म्हणून केलेले साधन. बाजारात त्याचे दोन मुख्य प्रकार मिळतात. पहिल्यात कंपन्यांचे संकेत आधीच भरलेले असतात आणि आपण फक्त योग्य कोड निवडायचा असतो. दुसरा मूळ रिमोटचा प्रकाश वाचून तोच संकेत साठवतो. दुकानात त्याला लर्निंग रिमोट म्हणतात. बऱ्याच रिमोटमध्ये दोन्ही सोयी असतात. सेट-टॉप बॉक्ससोबत येणाऱ्या रिमोटवर चौकटीत वेगळी दाखवलेली टीव्हीची चार-पाच बटणे (पॉवर, आवाज, म्यूट, सोर्स) हा लर्निंग रिमोटचाच छोटा अवतार आहे. तो पुष्कळ घरांत कधी वापरलाच जात नाही.

सांगली, मिरज, कुपवाडच्या घरांत भिंतीवर एलईडी टीव्ही, त्याखाली केबलचा किंवा डिशचा बॉक्स, एखादी इंटरनेटची स्टिक आणि कंपनीचा किंवा स्थानिक कारागिराने जोडलेला ॲम्प्लिफायर ही मांडणी सर्रास दिसते. जत, आटपाडीकडच्या वस्त्यांवर केबलऐवजी बहुधा डीडी फ्री डिशचा बॉक्स असतो. कोडच्या यादीत मोठ्या कंपन्यांचे टीव्ही सापडतात. खुल्या बाजारातले फ्री डिश बॉक्स आणि जोडणीचे ॲम्प्लिफायर मात्र तिथे क्वचितच असतात. म्हणून या भागासाठी लर्निंगची सोय असलेलाच रिमोट घ्यावा, आणि तोही जुने रिमोट धड चालू असतानाच. मूळ रिमोट बंद पडल्यावर शिकवायला काहीच उरत नाही.

संकेत कसा जातो

रिमोटच्या टोकाला असलेला इन्फ्रारेड एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश फेकतो. तो डोळ्यांना दिसत नाही. हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचे लहान-मोठे पट्टे पाडून बटणाचा संकेत तयार होतो. टीव्हीतला तीन पायांचा सेन्सर एका ठरावीक वारंवारितेसाठीच नेमका जुळवलेला असतो, त्यामुळे खोलीतला इतर प्रकाश बाजूला पडतो. बहुतेक उपकरणे ३८ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा), सोनीची ४० वर, तर फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीची ३६ वर चालतात. बँग अँड ओलुफसनची उपकरणे ४५५ किलोहर्ट्झ वापरतात. साधा लर्निंग रिमोट तेवढ्या वेगाचे संकेत वाचू शकत नाही.

सर्वाधिक आढळणाऱ्या एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब पट्टा, मग ४.५ मिलिसेकंदांची विश्रांती, आणि त्यानंतर उपकरणाचा पत्ता व बटणाचा क्रमांक जातो. दोन्ही एकदा सरळ व एकदा उलटे पाठवले जातात, म्हणजे वाटेत चूक झाली तर टीव्हीला ती कळते. बटण दाबून धरले की दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास फक्त ‘तेच पुन्हा’ अशी छोटी खूण जाते. लर्निंगमधल्या बऱ्याच फसगतीचे मूळ या छोट्या खुणेत आहे.

इतिहास

टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट, फ्लॅश-मॅटिक, झेनिथ कंपनीसाठी यूजीन पॉली यांनी १९५५ मध्ये केला. तो दिसणाऱ्या प्रकाशावर चालायचा आणि ऊन पडले की टीव्ही भलतेच काही करायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीत रॉबर्ट ॲडलर यांनी श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा रिमोट आणला. इन्फ्रारेड नंतर आला. एका रिमोटमध्ये अनेक कंपन्यांचे संकेत भरण्याची कल्पना १९८० च्या दशकातली. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांचा ‘कोअर’ हा संगणकाला जोडून शिकवता येणारा रिमोट १९८७ चा. भारतात डीटीएच आणि नंतर केबलचे डिजिटायझेशन आल्यावर प्रत्येक टीव्हीशेजारी बॉक्स आला आणि घरोघरी किमान दोन रिमोट झाले.

कोड टाकून जुळवणी

आधी दोन ट्रिपल-ए सेल नवे घालावेत. युनिव्हर्सल रिमोटवर टीव्ही, एसटीबी (सेट-टॉप बॉक्स), ऑडिओ अशी उपकरण निवडायची बटणे असतात. ज्याची जुळवणी करायची ते उपकरण हाताने चालू करावे, रिमोटवर त्याचे बटण आणि सेट एकत्र दिवा स्थिर पेटेपर्यंत धरावीत (बहुधा तीन सेकंद), मग पुस्तिकेतला तीन किंवा चार आकडी कोड टाकावा. बटणांची जोडी बनावटीनुसार बदलते. पुस्तिका फेकू नये. एका कंपनीसमोर दहा-पंधरा कोड दिलेले असतात. पॉवर चालले म्हणून तिथेच थांबण्याची चूक फार होते. पॉवरचा संकेत जुळूनही आवाज, सोर्स किंवा मेनू न जुळणारे कोड असतात, म्हणून चारही तपासून मगच कोड पक्का करावा.

यादीत नावे जुनी असू शकतात. टाटा स्कायचे नाव २०२२ मध्ये टाटा प्ले झाले. जुन्या छापील पुस्तिकेत ते पहिल्याच नावाखाली सापडेल. दुकानाच्या किंवा अनोळखी नावाने विकल्या जाणाऱ्या टीव्हीत आतला बोर्ड दुसऱ्याच कारखान्याचा असतो, त्यामुळे वरचे नाव पाहून कोड शोधण्यात अर्थ नसतो. तिथे ऑटो सर्च लावावा: सेट आणि पॉवर धरल्यावर रिमोट एकामागून एक कोड पाठवत राहतो. रिमोट पूर्ण वेळ टीव्हीकडेच धरायचा आणि टीव्ही बंद झाला की तत्क्षणी बटण दाबून थांबवायचे. एक-दोन सेकंद उशीर झाला तर कोड पुढे निघून जातो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. या शोधाला कित्येक मिनिटे लागू शकतात.

लर्निंग

हा भाग नीट केला तर रिमोट वर्षानुवर्षे त्रास देत नाही. टेबलावर दोन्ही रिमोट समोरासमोर, टोकाला टोक, दोन ते पाच सेंटीमीटर अंतरावर ठेवावेत. काहींचा वाचणारा सेन्सर टोकाच्या एका कडेला किंवा तळाशी असतो. संकेत पकडला जात नसेल तर मूळ रिमोट थोडा डावी-उजवीकडे सरकवून पाहावा. दोन्हींत सेल ताजे हवेत. मूळ रिमोटचे सेल उतरले असतील तर त्याचा प्रकाश अडखळतो आणि तेच अडखळणे साठवले जाते.

सेट बटण धरून दिवा पेटवायचा, मग युनिव्हर्सलवरचे जे बटण शिकवायचे ते दाबायचे, दिवा लुकलुकू लागला की मूळ रिमोटचे बटण साधारण एक सेकंद दाबायचे. दिवा दोन-तीनदा जोरात लुकलुकून थांबला की संकेत साठला. क्रम महत्त्वाचा आहे. मूळ बटण आधीपासून दाबून धरले असेल तर एनईसी पद्धतीत शिकणाऱ्याच्या वाट्याला फक्त ‘तेच पुन्हा’ची खूण येते, रिमोट ‘शिकलो’ म्हणतो, पण टीव्ही हलत नाही. सगळी बटणे झाली की सेट दाबून बाहेर पडावे, नाहीतर काही रिमोट शेवटचे बटण विसरतात.

ट्यूबलाइट, सीएफएल किंवा स्वस्त एलईडी दिव्याखाली लर्निंग करू नये. या दिव्यांच्या चोकमधून निघणारे लुकलुकणे सेन्सरला संकेतासारखे वाटते. खिडकीतले थेट ऊनही टाळावे. दिवा बंद करून, पडदा ओढून पाच मिनिटांत काम होते.

फिलिप्सच्या आरसी-५ आणि आरसी-६ पद्धतींत एक खास अडचण येते. तिथे प्रत्येक नव्या दाबाला संकेतातला एक बिट (शून्य किंवा एक असा अंक) उलटतो. त्यावरून टीव्हीला बटण नव्याने दाबले की धरून ठेवले हे कळते. साध्या लर्निंग रिमोटमध्ये तो बिट साठवलेल्या स्थितीत गोठतो. मग चॅनेल ११ लावताना पहिला १ उमटतो, दुसरा उमटत नाही. रिमोट बिघडला असे समजून तो परत करू नये. अशा टीव्हीला कोडच वापरावा. कोडमधून हा बिट रिमोट स्वतः उलटत राहतो.

एसीचा रिमोट या साधनाने बहुधा शिकवता येत नाही. एसीचे प्रत्येक बटण तापमान, पंखा, मोड, टायमर अशी सगळी स्थिती एकत्र पाठवते आणि तो लांब संकेत टीव्हीच्या लर्निंग रिमोटच्या स्मृतीत मावत नाही. मावला तरी एका बटणावर एकच स्थिती बसते, उदाहरणार्थ २४ अंश, कूल, मध्यम पंखा.

एका बटणात सगळे

थोड्या महाग रिमोटमध्ये अनेक संकेत क्रमाने एका बटणावर बांधता येतात: टीव्ही चालू, बॉक्स चालू, ॲम्प्लिफायर चालू, सोर्स एचडीएमआय १. ही सोय मोहक आहे, पण पॉवरच्या संकेतामुळे ती फसते. बहुतेक उपकरणांत चालू आणि बंद करायला एकच संकेत असतो. लाइट जाऊन आली की बॉक्स आपोआप सुरू होतो आणि टीव्ही स्टँडबायवर राहतो. आता ‘सगळे चालू’ दाबले की टीव्ही सुरू आणि बॉक्स बंद. भारनियमनाच्या गावांत हे रोजचेच. यावर खरा उपाय म्हणजे चालूचा वेगळा आणि बंदचा वेगळा संकेत. अनेक उपकरणे असे दोन संकेत ओळखतात, पण कंपनीच्या रिमोटवर त्यांची बटणे नसतात. कोडच्या यादीतून ते मिळतात. ते नसतील तर पॉवर क्रमात न घालता प्रत्येक उपकरणाचे वेगळे ठेवणेच बरे. सोर्स बदलण्याआधी टीव्ही पूर्ण सुरू व्हायला दहा ते वीस सेकंद द्यावे लागतात. रिमोटमध्ये तेवढा थांबा घालता येतो का, ते विकत घेतानाच विचारावे.

टीव्ही आणि साउंडबार एचडीएमआयने जोडलेले असतील तर सीईसी ही सोय आधी तपासावी. एचडीएमआयच्या १३ व्या पिनवरून उपकरणे एकमेकांना आज्ञा देतात. टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज बदलतो आणि वेगळा रिमोट लागतच नाही. सॅमसंग तिला ॲनिनेट प्लस, एलजी सिमप्लिंक, सोनी ब्राव्हिया सिंक म्हणते. सेटिंगमध्ये ती बरेचदा बंद असते. फुकट मिळणारा हा उपाय आधी, विकतचा नंतर.

इन्फ्रारेडच्या पलीकडे

फायर टीव्ही स्टिकसारखी उपकरणे ब्लूटूथवर चालतात. त्यांचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने आणि टीव्हीशी इन्फ्रारेडने बोलतो. साध्या युनिव्हर्सल रिमोटसमोर स्टिक धरून काही होत नाही, कारण तिला इन्फ्रारेडचा सेन्सरच नसतो. उलट, स्टिकचाच रिमोट टीव्ही व साउंडबारच्या आवाजासाठी जुळवता येतो आणि एक रिमोट कमी होतो. त्याची जोडणी तुटली तर होम बटण दहा सेकंद धरावे.

शाओमीच्या अनेक फोनमध्ये इन्फ्रारेडचा एलईडी असतो. ॲपमधून कंपनी निवडली की फोनच रिमोट होतो. घरात कुणाच्या तरी हातात फोन हवा, ही त्याची मर्यादा, आणि वडीलधाऱ्यांना बटणे चाचपता येत नाहीत. वाय-फायवरचे छोटे हबही मिळतात. ते फोनकडून आज्ञा घेऊन खोलीत इन्फ्रारेड फेकतात. असे बरेच हब फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडले जातात. नव्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा बँड निवडलेला असेल तर ते सापडतच नाहीत.

बिघाड

रिमोट चालत नसेल तर आधी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. टोकाला फिकट जांभळा प्रकाश दिसला तर रिमोट संकेत पाठवतो आहे. दोष चुकीच्या कोडचा किंवा टीव्हीच्या सेन्सरचा. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा इन्फ्रारेड गाळणारी काच असते, त्याने फसगत होते.

प्रकाश अजिबात नसेल तर सेलची स्प्रिंग पाहावी. जिल्ह्याच्या पश्चिमेला शिराळ्याकडे पावसाळ्यात दमट हवेने स्प्रिंगला गंज धरतो. पूर्वेला जत, आटपाडीत बारीक धूळ बटणांच्या कडांतून आत जाते आणि हाताच्या तेलाबरोबर तिचा थर बसतो. एखादेच बटण जोर लावून दाबावे लागत असेल तर दोष या थराचा. रिमोट उघडून रबरी पॅड साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे आणि बोर्डावरचे काळे कार्बनचे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हलकेच पुसावेत. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. रबर फुगते आणि अक्षरे जातात. सगळीच बटणे एकदम गेली आणि रिमोट पडलेला असेल तर जुन्या रिमोटमधला ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर (वारंवारिता ठरवणारा छोटा भाग) बहुधा तडकलेला असतो. या ४५५ ला १२ ने भागूनच ३८ च्या जवळची वारंवारिता मिळते. हा भाग दुरुस्तीवाला काही मिनिटांत बदलतो.

गळलेल्या अल्कलाइन सेलचा पांढरा क्षार व्हिनेगरच्या थेंबाने निघतो. नंतर अल्कोहोलने पुसून वाळवावे. बरेच दिवस घर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत. नव्या रिमोटमध्ये शिकलेले संकेत सेल काढल्यावरही टिकतात. जुन्या स्वस्त रिमोटमध्ये ते पुसले जातात, म्हणून मूळ रिमोट जपून ठेवावेत आणि वापरलेले कोड सेलच्या झाकणाच्या आत कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवावेत.

कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगलीच्या कित्येक घरांत पाणी शिरले. पुराचे पाणी लागलेला रिमोट दाबून पाहू नये. सेल लगेच काढावेत, रिमोट उघडून बोर्ड स्वच्छ पाण्याने गाळ जाईपर्यंत धुवावा, मग अल्कोहोलने, आणि सावलीत किमान दोन दिवस वाळू द्यावा. गाळ आत सुकला की तांब्याच्या रेघा हिरव्या पडून तुटतात. त्यानंतर तो रिमोट दुरुस्त होत नाही.