एरियल लिफ्टवर सावलीचे छत: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

एरियल लिफ्ट म्हणजे कामगाराला कठडा असलेल्या बास्केटमध्ये उभे करून उंचावर नेणारे यंत्र. भर उन्हात तासन्‌तास बास्केटमध्ये उभे राहणाऱ्या ऑपरेटरने सावली मागावी हे रास्तच आहे. परंतु कठड्याला तारेने बांधलेली ताडपत्री वारा सुटला की शिडाचे काम करते. मोकळ्या जागेत चालणाऱ्या बहुतेक लिफ्टना सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, इतक्याच वाऱ्याची मुभा असते. या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे १०० न्यूटन दाब येतो. म्हणजे दोन चौरस मीटरचे छत वाऱ्याला आडवे आले, तर साधारण २० किलो वजनाइतका जोर बास्केटला बाजूला रेटतो, आणि लिफ्ट जितकी उंच तितका तो जोर तिला उलटवायला अधिक कामी येतो. म्हणूनच छत बसवणे हा यंत्रातील बदल मानला जातो आणि त्यासाठी लेखी परवानगी घ्यावी लागते.

अर्ज यंत्राच्या मालकाने करायचा असतो. लिफ्ट भाड्याची असल्यास कंत्राटदाराने आपली गरज मालकाला लेखी कळवावी. स्वतः छिद्रे पाडू नयेत, वेल्डिंग तर मुळीच करू नये. ज्या लिफ्टच्या रेटिंग प्लेटवर, म्हणजे क्षमता व मर्यादा लिहिलेल्या पट्टीवर, वाऱ्याची मर्यादा शून्य लिहिलेली आहे, ती केवळ बंदिस्त जागेसाठी असल्याने उघड्यावरील कामासाठी पात्रच ठरत नाही.

अर्जासोबत यंत्राचे मॉडेल व अनुक्रमांक, मागील सखोल तपासणीचा अहवाल, छताची मापे, वजन व जोडणी दाखवणारे रेखाचित्र, तसेच जोखीम मूल्यांकन आणि बचाव योजना जोडावी. या साऱ्यांत निर्णायक कागद एकच, तो म्हणजे उत्पादकाचे संमतिपत्र. अमेरिकेतील ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या १९२६.४५३ या नियमानुसारही एरियल लिफ्टमध्ये मूळ हेतूबाहेरचा बदल करताना उत्पादकाचे किंवा समकक्ष संस्थेचे लेखी प्रमाणपत्र लागते आणि यंत्र निदान पूर्वीइतके तरी सुरक्षित असल्याचे त्यात नमूद असावे लागते. पत्रात छतासह वाऱ्याची नवी मर्यादा आणि उरलेली भारक्षमता स्पष्ट आकड्यांत असावी. २३० किलो क्षमतेच्या बास्केटवर १४ किलोचे छत आले, की माणसे आणि अवजारे मिळून २१६ किलोच उरतात. ‘हरकत नाही’ एवढेच लिहिलेले पत्र स्वीकारू नये.

ऑपरेटरकडे त्या प्रकारच्या लिफ्टचे वैध प्रशिक्षण कार्ड असावे. शिवाय छत लावलेल्या त्याच यंत्रावर त्याला प्रत्यक्ष ओळख करून दिल्याची सही केलेली नोंद जोडावी.

मंजुरीपूर्वी तपासणारा अधिकारी स्वतः बास्केटमध्ये चढून पाहतो. कंट्रोल पॅनेलवर उभे राहून मान वर केली असता वरची तुळई दिसते का, चिरडण्यापासून वाचवणारा दांडा किंवा सेन्सर छताच्या खांबामुळे अडतो का, हार्नेसचा (पडण्यापासून वाचवणाऱ्या अंगावरील पट्ट्याचा) हूक अँकरपर्यंत, म्हणजे तो अडकवण्याच्या ठरलेल्या जागेपर्यंत, पोहोचतो का, हे तो पाहतो. छत हार्नेस अडकवण्यासाठी नसते, हेही ऑपरेटरला तेव्हाच बजावले जाते.

परवानगी मिळाल्यावर दर पाळीच्या आरंभी पिना आणि क्लॅम्प हाताने हलवून पाहावेत. वारा जमिनीवर नव्हे, तर बास्केटच्या उंचीवर अॅनिमोमीटरने मोजावा. मर्यादा जवळ येताच बास्केट खाली आणून छत उतरवावे. उंचीवर असताना ते सोडवू नये. ही परवानगी अर्जातील अनुक्रमांकाच्या लिफ्टपुरतीच असते. तेच छत शेजारच्या, हुबेहूब दिसणाऱ्या लिफ्टवर चढवायचे असले, तरी अर्ज नव्याने करावा लागतो.