पर्स वेगळी, कॅप वेगळी: आयपीएलचा चष्मा काढून एनएचएल बघा

टोरंटोशेजारच्या मिसिसागात दर एप्रिलला हे होतंच. इकडे एनएचएलचे, म्हणजे इथल्या आइस हॉकी लीगचे, प्लेऑफ तोंडावर आलेले, तिकडे आयपीएल सुरू, आणि पुण्याहून भाच्याचा फोन: "मामा, तुमच्या टोरंटोची पर्स किती उरलीय?" मंडळाच्या पॉटलकला गेलो तरी तेच. कुणीतरी म्हणणार, एडमंटनने मॅकडेव्हिडला १०० मिलियन डॉलर दिले आणि कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चाची वर्षाची मर्यादा, १०० मिलियनसुद्धा नव्हती, मग बाकीची टीम काय फुकट खेळली? दुसरा म्हणणार, नसेल परवडत तर सोडून द्यायचा, पैसे परत येतील. मग मी हातातला समोसा खाली ठेवतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. या वर्षी एकदाच लिहून काढलंय. यापुढे कुणी विचारलं की हेच पुढे करणार.

पर्स काय ते तुम्हाला मी सांगायला नको. २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक संघाकडे १२० कोटी. मुंबईने बुमराह १८, सूर्या आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक ८ असे ७५ कोटी आधीच बांधले आणि ४५ कोटी घेऊन टेबलावर बसले. कोलकात्याने वेंकटेश अय्यरला २३.७५ कोटींना घेतलं, वर्षभरात सोडलं, आणि ती रक्कम पुढच्या लिलावासाठी मोकळी झाली. मंडईतला हिशेब आहे हा. खिशात नोटा किती, गेल्या किती, उरल्या किती.

किरकोळ फरक भराभर उरकतो. एनएचएलमध्ये लिलाव नसतो. तरुण खेळाडू ड्राफ्टमधून येतात, म्हणजे संघ पाळीपाळीने त्यांची निवड करतात, मोकळे झालेले १ जुलैच्या बाजारात मिळतात, बाकी अदलाबदल. परदेशी खेळाडूंची मर्यादा नाही. संघात २३ जण, सामन्याला २० सजतात. कॅपचा आकडा लीगच्या उत्पन्नातून निघतो, कारण हॉकीच्या कमाईतला निम्मा वाटा खेळाडूंचा असं करारातच लिहिलंय. २००४-०५ चा अख्खा हंगाम याच भांडणात बुडाला आणि २००५-०६ मध्ये ३९ मिलियन डॉलरची पहिली कॅप आली. २०२५-२६ ला ती ९५.५ मिलियन होती. खाली तळही असतो, त्या हंगामात ७०.६ मिलियन, त्याहून कमी खर्च चालत नाही. आणि एनबीएसारखा दंड भरून वर जायची सोय इथे नाही. हे तपशील चुकले तरी मी कुणाच्या अंगावर जात नाही.

अंगावर जातो ते पुढच्या गोष्टीवरून. पर्स नोटा मोजते. कॅप नोटा मोजतच नाही. कॅप करार मोजते, आणि तोही सरासरीने.

मॅकडेव्हिडचा २०१७ मध्ये सही झालेला करार घ्या: ८ वर्षं, १०० मिलियन. एडमंटनच्या खात्यावर दरवर्षी साडेबारा मिलियन लागले, आठही वर्षं, एक सेंट इकडेतिकडे नाही. याला म्हणतात कॅप हिट. त्या-त्या वर्षी त्याच्या बँकेत प्रत्यक्षात किती पडले हा वेगळा आकडा, आणि कॅपला त्याच्याशी देणंघेणं नाही. घराच्या कर्जाचा हप्ता जसा महिन्यामहिन्याला तोच राहतो, आतलं मुद्दल-व्याज काहीही असो, तसं. त्यामुळे "या वर्षी त्याचा पगार कमी झाला, म्हणजे संघाला जागा मिळाली" असं कुणी म्हटलं की समजायचं, हे गृहस्थ पर्स मोजतायत.

या फटीतून लोकांनी काय काय घुसवलं ते बघा. २०१० मध्ये न्यू जर्सीने इल्या कोवाल्चुकला १७ वर्षांचा, १०२ मिलियनचा करार दिला. पहिल्या दहा वर्षांतच ९५ मिलियन, आणि शेवटची पाच वर्षं दरवर्षी साडेपाच लाख डॉलर. तोवर भाऊ ४४ वर्षांचे झाले असते. ती शेपटी कशासाठी? सरासरी वर्षाला ६ मिलियनवर आणण्यासाठी. लीगने हरकत घेतली, लवादाने करार रद्द केला, संघाला दंड बसला आणि १५ वर्षांचा, १०० मिलियनचा नवा करार झाला. २०१३ पासून करारांच्या लांबीवर आणि वर्षावर्षाच्या रकमेतल्या चढउतारावर बंधनं आहेत, ती याच चलाखीमुळे.

पण माझं आवडतं उदाहरण नॅशव्हिलच्या शे वेबरचं. आयपीएलवाल्याला ते सांगावं आणि त्याचा चेहरा बघावा. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाने त्याच्यापुढे १४ वर्षांचा, ११० मिलियनचा प्रस्ताव ठेवला, नॅशव्हिलने बरोबरी करून त्याला राखला. कॅप हिट वर्षाला ७.८५७ मिलियन. पगार मात्र पहिली चार वर्षं १४-१४ मिलियन आणि शेवटची तीन वर्षं एकेक मिलियन. २०१६ ला तो माँट्रियालला गेला, २०२१ ची अंतिम फेरी खेळला आणि दुखापतींमुळे पुन्हा बर्फावर उतरलाच नाही. कागदोपत्री निवृत्तही झाला नाही, कारण तसं केलं असतं तर सुरुवातीला पगार मोठा देऊन कॅप हिट लहान लावल्याची भरपाई नॅशव्हिलच्या मानगुटीवर बसली असती. मग त्याचा करार फिरत राहिला: २०२२ मध्ये व्हेगास, २०२३ मध्ये ॲरिझोना, तो संघ उठून युटाला गेला तेव्हा युटा, मार्च २०२५ मध्ये शिकागो. मधे नोव्हेंबर २०२४ मध्ये वेबरसाहेबांचा हॉल ऑफ फेममध्ये सत्कारही झाला, करार चालूच!

न खेळणारा माणूस कुणी का घ्यावा? ॲरिझोनासारख्या हात आखडून चालणाऱ्या संघाला खर्चाचा तळ गाठायचा होता. वेबरमुळे खात्यात जवळपास ८ मिलियन दिसायचे आणि देणं असायचं त्याच्या एका बारीक तुकड्याचं. पर्सच्या जगात हे अशक्य आहे. तिथे ८ दाखवायचे तर ८ मोजावे लागतात.

आता "सोडून द्या, पैसे परत" याचं. २०१२ मध्येच मिनेसोटाने झॅक पारीझे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी १३ वर्षं, ९८ मिलियन दिले. २०२१ मध्ये दोघांचे करार विकत घेऊन मोकळे केले. मोकळे झाले खेळाडू. संघाच्या नावावर २०२३-२४ आणि २०२४-२५ ला १४.७४ मिलियन लागतच राहिले, आणि लहान रकमा २०२८-२९ पर्यंत आहेत. २०२३-२४ ची कॅप ८३.५ होती, म्हणजे सहाव्या हिश्श्याहून जास्त कॅप बर्फावर नसलेल्या माणसांवर गेली. सूटर तर त्या वर्षी डॅलसकडून, मिनेसोटाच्याच गटात खेळत होता. वेंकटेश अय्यरला सोडल्यावर कोलकात्याने असं काही भोगलं का?

आता भाच्याच्या टोरंटोकडे येऊ. २०२४-२५ मध्ये मॅथ्यूज १३.२५, नायलँडर ११.५, तावारेस ११ आणि मार्नर १०.९. चौघांचे मिळून ४६.६५ मिलियन, कॅप ८८. निम्म्याहून जास्त पंक्ती चौघांनी उठवल्यावर उरलेल्या एकोणीस जणांना जे वाढायचं ते वाढायचं. म्हणून चौथ्या फळीत किमान पगारावरची, म्हणजे तेव्हा पावणेआठ लाख डॉलरवाली पोरं दिसायची, आणि म्हणूनच पहिल्या करारावरचा चांगला तरुण सोन्याच्या भावाचा असतो. त्याचा मूळ पगार तेव्हा दहा लाखांच्या आतच बांधलेला असायचा. आपल्याकडे चौदाव्या नंबरच्या खेळाडूवरही लिलावात बोली चढते. इथे त्या जागेसाठी मॅनेजर लाख-लाख डॉलर मोजत बसतो. माझं स्पष्ट मत आहे की चौघांवर निम्मी कॅप हा जुगार आहे, आणि १९६७ नंतर चषक न बघितलेल्या गावात राहून मी ते बोलू शकतो. मार्नर २०२५ च्या उन्हाळ्यात व्हेगासला गेला. तावारेस त्याच गावात ४.३८ वर राहिला.

कॅप रोज मोजली जाते, हेही सांगून टाकतो. वर्षभर एक मिलियनची जागा रिकामी ठेवली, तर हंगामाचा पाव भाग उरला असताना वर्षाला चार मिलियनवाला खेळाडू आणता येतो, कारण त्याचा पाव हप्ताच तुमच्याकडे पडतो. मार्चमधली अदलाबदलीची धावपळ त्यासाठी असते.

आणि २०२१ चा टँपाचा किस्सा. निकिता कुचेरोव, कॅप हिट साडेनऊ, कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया. दीर्घ दुखापतीच्या यादीत गेल्यामुळे संघाला कॅपच्या तेवढं वर जाता आलं. पूर्ण नियमित हंगाम बाहेर, आणि प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला हजर. तेव्हा प्लेऑफमध्ये कॅप लागू नव्हती. त्याने ३२ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) केले, चषक जिंकला आणि जल्लोषात "कॅपच्या १८ मिलियन वर" अशा अर्थाचा टी-शर्ट घातला. २०२५-२६ पासून प्लेऑफलाही सामन्यात उतरणाऱ्या वीस जणांची बेरीज कॅपच्या आत लागते.

हे सगळं फोनवर ऐकून घेतल्यावर भाचा थोडा थांबला आणि म्हणाला, "मामा, मग ते वेबर शिकागोला राहायला गेले का?"

नाही रे बाबा.