समुद्रातलं जहाज आणि गोदीतलं जहाज: आगीची तयारी एकच नव्हे

दर एप्रिलमध्ये अग्निशमन सेवा सप्ताहात पुण्यातल्या सोसायट्यांत आणि कंपन्यांत आग विझवण्याची प्रात्यक्षिकं होतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटलं, त्यातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. ते जहाज भर समुद्रात नव्हतं, धक्क्याला लागलेलं होतं. तरीही ‘किनाऱ्याला आलं म्हणजे जहाज सुखरूप’ ही समजूत पक्की आहे.

समुद्रातल्या युद्धनौकेवर बाहेरून मदत येणार नाही, हे धरूनच तयारी असते. सगळे नौसैनिक जहाजावर, आग विझवण्याच्या पाइपांत पाण्याचा दाब, पोलादी दारं लावता येतील अशी मोकळी. आपल्या जिल्ह्यात, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर, आगीशी आणि आत शिरणाऱ्या पाण्याशी झुंजण्याचं हेच प्रशिक्षण दिलं जातं. एप्रिल २०१९ मध्ये आयएनएस विक्रमादित्य कारवारला शिरत असताना आग लागली. एका अधिकाऱ्याचा जीव गेला, पण आग जहाजावरच्याच लोकांनी आटोक्यात आणली.

अशीच युद्धनौका दुरुस्तीला गोदीत गेली की सगळं बदलतं. यंत्रणा उघडलेल्या, आगीचे पाइप अनेकदा रिकामे. दारांतून वेल्डिंगच्या केबली आणि नळ्या गेलेल्या, त्यामुळे ती लागतच नाहीत आणि धूर मजल्यामागून मजले चढत जातो. जागोजागी परांच्या, रंगाचे डबे, चिंध्या. रात्री आणि सुट्टीला मोजकी माणसं.

१२ जुलै २०२०, रविवार. अमेरिकेतल्या सॅन डिएगोत ‘यूएसएस बोनोम रिचर्ड’ हे अमेरिकी नौदलाचं जहाज दुरुस्तीत असताना पेटलं आणि चार दिवसांहून अधिक जळत राहिलं. चौकशीत दिसलं की जहाजावरची आग विझवण्याच्या साधनांची ८७ टक्के ठिकाणं दुरुस्तीच्या नावाखाली बंद होती. आग विझवणारा फेस सोडणारी यंत्रणा वेळेत कोणी चालूच केली नाही. त्याआधीच्या सलग १४ सरावांत आगीच्या मुळाशी पाणी वेळेत पोहोचलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा आकडा, कारण इशारा चौदा वेळा मिळाला होता. जहाज अखेर भंगारात गेलं.

मग शहराचा बंब बोलवावा? बोलवावाच, पण नुसत्या पाण्याच्या माऱ्याने जहाज वाचत नाही. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ हे भलं मोठं जहाज वेल्डिंगच्या ठिणगीने पेटलं. विझवताना ओतलेलं पाणी वरच्या मजल्यांवर साचलं आणि जहाज आडवं झालं. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस ब्रह्मपुत्रा आगीनंतर एका बाजूला कलंडली आणि एका नौसैनिकाचा मृत्यू झाला.

म्हणून गोदीतली तयारी वेगळी आखावी लागते. पाइप रिकामे केले तर धक्क्यावरून पाण्याची जोडणी द्यावी. वेल्डिंग चालू असताना पत्र्याच्या पलीकडेही माणूस उभा हवा, कारण तापलेला पत्रा मागच्या बाजूची चिंधी पेटवतो, आणि काम संपल्यावरही त्याने काही वेळ तिथेच थांबावं. शहराच्या जवानांना त्या जहाजाच्या अरुंद शिड्या आधीच फिरून दाखवाव्यात, त्यांच्या नळ्या जहाजाच्या जोडणीला बसतात का, पोलादाच्या आत वायरलेस चालतो का, हे सरावातच बघून घ्यावं, आणि हुकूम कोणाचा चालणार तेही तेव्हाच ठरवावं.