ऑस्ट्रेलियन झुडपांचे बोन्साय

बँक्सिया, टी-ट्री, ग्रेव्हिलिया, हेकिया, बोरोनिया, एपॅक्रिस यांसारखी मूळची ऑस्ट्रेलियाची झुडपे उथळ कुंडीत खुजी राखून त्यांना जुन्या वृक्षाचे रूप देण्याची कला. ही शाखा जपानी बोन्सायमधूनच फुटली. पण जपानी पुस्तकांतली रीत इथे जशीच्या तशी चालत नाही. हिवाळा सरताना मुळे छाटणे, फांदी उघडी-बोडकी करून नवे धुमारे घेणे, वाढीच्या दिवसांत पोटभर खत घालणे या गोष्टी पाइन, मेपल आणि एल्मवर पिढ्यानपिढ्या तपासलेल्या आहेत. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट वर सांगितलेल्यांपैकी कोणत्या ना कोणत्या झुडपाच्या जिवावर उठते. म्हणून त्यांना ‘अवघड’ हे विशेषण चिकटले. वास्तविक ही झुडपे नाजूक नाहीत. निकस वाळूत, खाऱ्या वाऱ्यात आणि वारंवारच्या वणव्यांत ती तगून राहिली आहेत. जमिनीशी त्यांचे नाते कसे आहे आणि आगीनंतर ती कशी परततात, या दोन गोष्टी कळल्या की अवघडपणाचा बराचसा उलगडा होतो.

ऑस्ट्रेलियातले सगळेच झाड हट्टी असते असे मात्र नाही. सिडनीच्या खडकांवर वाढणारा पोर्ट जॅक्सन फिग हा आपल्या वड-उंबराचा भाऊबंद. तो कुंडीत वडाइतकाच आज्ञाधारक असतो. पुण्या-मुंबईच्या बागांत दिसणारा बॉटलब्रश आणि त्याच्या नात्यातला, कागदासारखी साल सुटणारा मेलाल्यूका हे दोघेही कठोर छाटणी सोसतात, जुन्या लाकडावर फुटतात. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू ऑस्ट्रेलियातही मूळचा आहे आणि आशियातल्या बोन्साय करणाऱ्यांना तो फार पूर्वीपासून वश झालेला आहे. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. पुढची नोंद उरलेल्यांविषयी आहे.

भुकेची सवय

ऑस्ट्रेलियाची बरीचशी जमीन अतिशय जुनी आणि झिजलेली आहे. तिच्यात स्फुरद नावापुरतेच उरले आहे. बँक्सिया, हेकिया, ग्रेव्हिलिया ही प्रोटिएसी कुळातली झुडपे अशा मातीतून कण कण वेचण्यासाठी खास मुळे तयार करतात. बारीक, आखूड उपमुळ्यांचा दाट झुपका, बाटली घासायच्या ब्रशसारखा. हेलन पर्नेल या संशोधिकेने १९६० मध्ये या मुळांना ‘प्रोटिऑइड मुळे’ असे नाव दिले. आता त्यांना बहुधा झुपकेदार मुळे म्हणून ओळखतात. ती सायट्रेटसारखी आम्लद्रव्ये सोडून मातीकणांना घट्ट चिकटलेले स्फुरद सोडवून घेतात. जमिनीच्या वरच्या थरात, पालापाचोळ्यालगत ती जास्त असतात, काही आठवडे काम करतात आणि मरून जातात; मग नवी येतात.

इतक्या कामसू मुळांपुढे एकदम मूठभर खत टाकले की गणित बिघडते. बहुतेक वनस्पती गरज भागली की स्फुरद घेणे आवरते घेतात. या कुळातल्या अनेकांना ते आवरता येत नाही. स्फुरद पानांत साचत जाते, कोवळी पाने पिवळी पडतात, जुनी पाने कडेने करपतात आणि झाड बसते. करपलेली पाने पाहून माणसाला वाटते, बिचारे उपाशी आहे. आणि तो आणखी खत घालतो. या झुडपांच्या मृत्यूचे इतके साधे आणि इतके टाळता येण्याजोगे दुसरे कारण नसेल. आपल्याकडच्या बागेत सहज हाताशी असणाऱ्या वस्तू इथे विषासारख्या आहेत: हाडांचा चुरा, सुपर फॉस्फेट, डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट; त्यात ऑक्साइडच्या हिशेबाने ४६ टक्के स्फुरद असते), झालेच तर एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्याच प्रमाणात असलेले मिश्रखत. ऑस्ट्रेलियात देशी झाडांसाठी म्हणून वेगळी, हळूहळू विरघळणारी खते मिळतात. त्यांत स्फुरद जाणूनबुजून अगदी कमी ठेवलेले असते. नत्र आणि पालाश मात्र या झाडांनाही लागतेच. ‘देशी झाडाला खत नकोच’ हा दुसऱ्या टोकाचा समज. त्यापायी झाड मरत नसले तरी वर्षानुवर्षे जागच्या जागी राहते, आणि वाढच नसेल तर बोन्सायला आकार देणार कशाला?

सगळ्यांची संवेदनशीलता सारखी नसते. पूर्व किनाऱ्यावरची बँक्सिया इंटिग्रिफोलिया त्या मानाने सोशिक आहे आणि म्हणूनच बँक्सियाच्या बोन्सायची सुरुवात तिच्यापासून करतात. बारीक सुईसारख्या पानांची बँक्सिया एरिसिफोलिया स्फुरदाला फार लवकर कंटाळते.

झुपकेदार मुळांमुळे आणखी एक सवय सोडावी लागते. बुंध्याशी पसरलेली मुळे दिसावीत म्हणून बोन्साय करणारे वरची माती पुन्हा पुन्हा खरवडतात. बँक्सियाच्या बाबतीत असे करणे म्हणजे तिचा जेवणाचा हातच काढून घेणे.

पाणी आणि मूळकूज

फायटोफ्थोरा सिनॅमोमी या सूक्ष्मजीवाचे वर्णन प्रथम १९२२ मध्ये सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवरून झाले. नावातला ‘सिनॅमोमी’ त्यातूनच आला. बुरशीसारखा दिसणारा पण खरी बुरशी नसलेला हा जीव पाण्यात पोहणारे बीजाणू सोडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातली जंगले आणि झुडपी माळ त्याने मोठ्या प्रमाणावर वाळवले आहेत. ओली आणि उबदार माती त्याला मानवते, आणि निचरा नसलेली कुंडी म्हणजे नेमकी तीच जागा.

बँक्सियाच्या सुमारे १७० जातींपैकी बहुतेक सगळ्या ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या आहेत. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. सिडनीच्या दमट उन्हाळ्यात या पश्चिमेकडच्या जाती बसल्या जागी जातात; लालभडक फुलांची बँक्सिया कॉक्सिनिया त्यासाठी प्रसिद्धच आहे. यावर एक उपाय कलमाचा. पश्चिमेकडच्या हळव्या जाती इंटिग्रिफोलियाच्या खुंटावर बांधतात, तर अवघड ग्रेव्हिलियांसाठी ग्रेव्हिलिया रोबस्टाचा खुंट वापरतात. हा रोबस्टा म्हणजे दक्षिण भारतातल्या चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेला सिल्व्हर ओक. आपल्याकडे कुणी शोभेची ग्रेव्हिलिया कुंडीत जगवू पाहत असेल तर खुंट शोधायला लांब जावे लागणार नाही.

कुंडीतल्या मिश्रणात पाइनच्या सालीचे तुकडे, लाव्ह्याची सच्छिद्र खडी आणि जाड वाळू असते. अशा मिश्रणाचा तोटा असा की ते एकदा पुरते वाळले की पाणी धरत नाही; वरून घातलेले पाणी कडेने निसटते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी सबंध कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी लागते. टी-ट्रीच्या बाबतीत बहुधा ही वेळ येण्याआधीच सगळे संपलेले असते. त्याची पाने लहान आणि ताठ असतात, ती मान टाकत नाहीत. हाताला कुरकुरीत लागली की समजावे, उशीर झाला. म्हणून बॉटलब्रश, मेलाल्यूका आणि काही टी-ट्री उन्हाळ्यात पाण्याच्या उथळ ताटलीत उभे करून ठेवतात. जपानी शिस्तीत वाढलेल्याला हे पाहवत नाही, पण ओढ्याकाठच्या आणि पाणथळ जागेतल्या या झाडांना ते मानवते. कोरड्या टेकाडावरच्या बँक्सियाला मात्र अशी ताटली देऊ नये.

छाटणी: आगीनंतर झाड कसे परतते?

हा प्रश्न कात्री हातात घेण्यापूर्वी विचारावा. ऑस्ट्रेलियन वनस्पतींपैकी काही वणव्यात वरून जळतात आणि सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून किंवा जमिनीलगतच्या लाकडी गाठीतून पुन्हा फुटतात. या गाठीला लिग्नोट्यूबर म्हणतात. दुसऱ्या काही पुरत्या मरतात आणि फक्त बियांतून परततात. पहिल्या गटाला कठोर छाटणी सोसते, कारण त्यांच्या लेखी कात्री ही आणखी एक आग असते. दुसऱ्या गटाच्या उघड्या फांदीवर कापले तर ती फांदी गेली म्हणून समजावे. हा नियम शंभर टक्के बिनचूक नाही, पण कोणत्याही सर्वसाधारण बोन्साय-मार्गदर्शकापेक्षा जास्त कामाचा आहे.

बँक्सिया सेराटा पहिल्या गटातली. जाड, खडबडीत सालीखाली तिचे डोळे सुरक्षित असतात. कॅप्टन कुकच्या जहाजावरचा वनस्पतिअभ्यासक जोसेफ बँक्स याने १७७० मध्ये सिडनीजवळच्या बॉटनी बे इथे जी बँक्सिया गोळा केली त्यांत ही होती; १७८२ मध्ये धाकट्या लिनियसने (वनस्पतींना नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा मुलगा) प्रजातीला बँक्सचे नाव दिले. बँक्सिया एरिसिफोलिया मात्र आगीत मरते, आणि तिच्या फांदीवर हिरवे ठेवूनच छाटावे लागते.

दुसऱ्या गटातला खरा कसोटी पाहणारा म्हणजे किनारी टी-ट्री, लेप्टोस्पर्मम लीव्हिगेटम. २०२३ मध्ये त्याला गॉडियम या वेगळ्या प्रजातीत हलवले गेले. बागवानांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे. चहाच्या झुडपाशी त्याचा काही संबंध नाही. कॅप्टन कुकच्या खलाशांनी न्यूझीलंडमध्ये याच्या नातलगाची पाने चहासारखी उकळून प्यायली, त्यावरून टी-ट्री हे नाव रूढ झाले. कूळ आपल्या ओळखीचे आहे, जांभूळ आणि पेरूचे. पेरू कुठेही कापा, फुटतो. किनारी टी-ट्री जुन्या लाकडावर फुटत नाही. आणि तरीही बोन्साय करणाऱ्यांचा जीव त्याच्यावरच जडतो, कारण व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर वाऱ्याने पिळून काढलेली, सालीच्या लांब पट्ट्या सुटलेली त्याची खोडे पाहिली की दुसरे काही सुचत नाही.

त्याच्यावर काम करायची रीत संथ आहे. शेंडा खुडायचा, पण खाली पाने ठेवून. त्या पानांच्या बेचक्यांतून फुटवे येऊ द्यायचे. ते धरले, कोवळे लाकूड जरा पक्के झाले, की मग फांदी त्या फुटव्यापर्यंत मागे आणायची. पुन्हा तेच. एक फांदी दोन बोटे मागे आणायला दोन हंगाम जातात. बुंध्याजवळच्या बारीक फांद्या सुरुवातीला कितीही कुरूप दिसल्या तरी काढायच्या नाहीत. पुढे रचनेला लागणारी फांदी त्यांच्यातूनच मिळते, एकदा काढली की तिथे पुन्हा काही येत नाही. म्हणून हे झाड मोठे विकत घेऊन ‘कमी’ करण्यापेक्षा अरुंद नळीतल्या रोपापासून सुरू करावे. रोपवाटिकांत अशी रोपे स्वस्त मिळतात. खोडाला पीळ द्यायचा तर तोही याच वयात, तारेने. पुढे लाकूड ठिसूळ होते आणि कडकन मोडते.

बँक्सिया इंटिग्रिफोलियाची अडचण उलटी, तिथे फुटवे जास्त होतात. पाने एका पेऱ्यावर तीन ते पाच अशी गोल येतात आणि फांद्याही तशाच. सगळ्या ठेवल्या तर त्या जागी खोडावर बेढब फुगवटा येतो. कोवळ्या असतानाच त्यांतल्या एक-दोन ठेवून बाकीच्या बोटाने मोडाव्यात.

मुळांचे वेळापत्रक

ऑस्ट्रेलियात डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा. पानगळीच्या परदेशी झाडांची मुळे हिवाळ्याच्या शेवटी छाटतात, पण या सदाहरित झुडपांची कुंडी वसंत सरताना ते भर उन्हाळ्यात, नवी पालवी चालू असताना बदलणे चांगले. थंडीत कापलेले मूळ भरून येत नाही. ओल्या मातीत ते कुजायची वाट पाहत पडून राहते. बँक्सियाची मुळे कधीही धुऊन उघडी करू नयेत. कडेचा भाग थोडा कापून, मधला गोळा शाबूत ठेवून नव्या मिश्रणात बसवतात, सावलीत ठेवतात, वारा लागू देत नाहीत. पाइनच्या मातीतली पांढरी उपकारक बुरशी नव्या कुंडीत जपून नेण्याचा संस्कार बोन्साय करणाऱ्यांत असतो. प्रोटिएसी कुळातल्या बहुतेकांचा अशा बुरशीशी संबंध नसतो. एपॅक्रिसचा मात्र फार जवळचा असतो, त्याच्या केसासारख्या मुळांत ती राहते. त्यामुळे एपॅक्रिस हलवताना जुनी माती थोडीतरी बरोबर न्यावीच.

बोरोनिया आणि एपॅक्रिस यांच्याकडे अनुभवी माणसेही जपून वळतात. बोरोनिया अल्पायुषी आणि मूळकुजीला बळी पडणारा; पर्सूनिया या आणखी एका ऑस्ट्रेलियन झुडपाची आठळी इतकी कठीण की बी सहजी रुजत नाही. एपॅक्रिस इंप्रेसाच्या गुलाबी फुलाला व्हिक्टोरियाने १९५८ मध्ये राज्यफुलाचा मान दिला, पण कुंडीत तो दीर्घकाळ टिकवलेला क्वचितच पाहायला मिळतो.

बी, धूर आणि रानातले झाड

बँक्सियाच्या फुलोऱ्याच्या कणसातल्या, बी असलेल्या लाकडी पेट्या अनेक जातींत आगीच्या धगीनेच उघडतात. घरी कणीस भट्टीत तापवून बी काढतात. काही झुडपांचे बी धग लागूनही जागे होत नाही, त्याला धूर लागतो. धुरातले हे जागे करणारे रसायन पर्थच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये वेगळे करून दाखवले; पुढे त्याला कॅरिकिनोलाइड हे नाव मिळाले. पर्थच्या भागात नूंगार लोकांच्या भाषेत ‘कॅरिक’ म्हणजे धूर. आता धूर मुरवलेले पाणी विकत मिळते आणि पेरणीआधी बी त्यात भिजवतात.

रानातले जुने झाड उपटून आणणे ही जपानी परंपरेतली मानाची गोष्ट. ऑस्ट्रेलियात सरकारी जमिनीवरून देशी झाड परवान्याशिवाय काढता येत नाही, आणि या झुडपांची मुळांबाबतची असहिष्णुता पाहता तो कायदा बागवानाच्याही हिताचा आहे. बीपासून किंवा छाट कलमापासून वाढवलेले झाड कुंडीची मुळे पहिल्यापासून शिकलेले असते.

रूप

कॅनबेराच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये देशाचा राष्ट्रीय बोन्साय व पेन्जिंग (बोन्सायची चिनी परंपरा) संग्रह आहे. तिथे जपानी पाइन आणि मेपलच्या जोडीने ऑस्ट्रेलियन झाडेही मांडलेली असतात, आणि त्यांचा बाज वेगळा आहे हे चटकन लक्षात येते. पाइनच्या ढगांसारख्या सपाट पायऱ्या टी-ट्रीवर बसवल्या तर ते पाइनचे सोंग वाटते. त्याचा माथा विस्कटलेला आणि एका बाजूला लोटलेला असतो, फांद्या उठून पुन्हा खाली येतात. सेराटाचे सौंदर्य तिच्या गाठाळ, वाकड्या खोडात आणि करवती पानांत आहे. पाने छाटणीने थोडी लहान होतात. फूल मात्र लहान होत नाही: एरिसिफोलियाचे नारिंगी कणीस वीतभर झाडावरही पूर्ण मापाचेच येते, आणि त्या दिवसांत झाडापेक्षा तेच मोठे दिसते. काही जण प्रमाण बिघडते म्हणून कळी खुडून टाकतात. बहुतेक जण ठेवतात, कारण कणीस सुकल्यावर मागे उरलेला लाकडी, तोंडे उघडलेला बोंडा वर्षानुवर्षे फांदीवर राहतो.