एक्सपल्स २०० आणि एक्सपल्स २००टी: इंजिन एकच, गाड्या दोन

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत नुसतं ‘एक्सपल्स, टूरिंगसाठी उत्तम’ असं लिहिलेलं दिसलं, तर आधी पुढच्या चाकाचा फोटो मागवा. हिरोने मे २०१९मध्ये एक्सपल्स २०० आणि २००टी या दोन मोटरसायकली एकत्रच आणल्या, तेव्हा दोन्हींच्या किमती लाखाच्या आसपास होत्या. त्यामुळे २००टी म्हणजे २००चीच जरा सजवलेली आवृत्ती, असा समज अजून टिकून आहे.

इंजिनापुरता तो बरोबर आहे. दोन्हींत १९९.६ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर. ताकद सुमारे १८ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), पुढे आलेल्या फोर-व्हॉल्व्ह (चार झडपांच्या) मॉडेलमध्ये १९.१ पीएस. महामार्गावर दोघी ऐंशीच्या आसपास मजेत चालतात, त्यापुढे मात्र इंजिनाला राबवावं लागतं. नावात टूरिंगचा ‘टी’ असलेली गाडी जास्त पळेल, ही अपेक्षा ठेवूच नका.

खरा फरक चाकांत आहे. २००ला पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोकची चाकं आहेत. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. जोडीला पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटर खालीवर होतं, पोटाखाली २२० मिलिमीटर जागा असते आणि सायलेन्सरही वर उचललेला. पावसाळ्यात गडाच्या पायथ्याच्या गावापर्यंतचा कच्चा रस्ता असेल, तर या सगळ्याचा उपयोग पहिल्याच ओढ्यात कळतो.

२००टीला दोन्हीकडे १७ इंची अलॉय चाकं आहेत. पुढचं सस्पेन्शन १३० मिलिमीटरचं, खालची जागा १७८. ही गाडी डांबरासाठीच बनली आहे. घाटातल्या वळणांवर ती चटकन झुकते. २००चं उंच, अरुंद पुढचं चाक तिथे जरा आळस करतं.

आता पंक्चर. ही बाब विकणारे फारशी काढत नाहीत, पण लांबच्या प्रवासात माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. २००टीचे टायर ट्यूबलेस: खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू जाते, आणि पट्टी भरण्याचं किट जवळ असेल तर चाक न काढता काम होतं. २००च्या टायरमध्ये ट्यूब आहे, म्हणजे चाक खोलणं आलं. आंबोलीच्या घाटात संध्याकाळी ही वेळ आली, तर सुटी ट्यूब आणि टायर लिव्हर सोबत हवेतच. उलट, मोठ्या दगडावर आदळून स्पोकचं चाक वाकलं तर आऱ्या ओढून बऱ्याचदा सरळ करता येतं. अलॉयला तडा गेला की बहुतेकदा नवंच घ्यावं लागतं.

सीटची उंची २००ची ८२३ मिलिमीटर, टीची ७९९. आकड्यात फरक छोटा दिसतो, पण सामान लादून उतारावर गाडी वळवताना बुटक्या चालकाला तो चांगलाच जाणवतो.

पुणे–गोवा, सोबत कुणीतरी मागे, रस्ता डांबरी: टी घ्या. वाटेत कच्ची वाट दिसली की हात आपोआप हँडल तिकडे वळवत असतील, तर २०० घ्या. ‘दोन्ही थोडं थोडं करतो’ म्हणणाऱ्यांनाही मी २००च सुचवेन. ती डांबरावर जेवढी कमी पडते, त्यापेक्षा टी मातीत खूप जास्त कमी पडते. फक्त २००च्या नावाखाली तिचंच जास्त उंच, कच्च्या वाटांसाठीचं प्रो मॉडेल गळ्यात पडत नाही ना, ते पाहा: त्याची सीट थेट ८९१ मिलिमीटरवर आहे.