अळवावरचं पाणी, काँक्रीटवरचं पाणी

काँक्रीटमध्ये पाणी मुरू नये म्हणून वरून लावायच्या सीलरचा एक व्हिडिओ सध्या फिरतोय. करड्या लादीवर कुणीतरी तांब्याभर पाणी ओततं, पाण्याचे मोती होऊन घरंगळतात आणि मागून आवाज येतो, ‘‘आता एकही छिद्र उघडं नाही!’’ मोती खरे आहेत, वाक्य खोटं आहे. गंमत म्हणजे ते वाक्य खरं असतं, तर बर्फाच्या प्रदेशात असा सीलर फायद्यापेक्षा तोट्याचाच ठरला असता.

आधी ही छिद्रं येतात कुठून ते पाहू. काँक्रीट कालवताना सिमेंटच्या रासायनिक गरजेपेक्षा जास्त पाणी घालतात, नाहीतर ते साच्यात नीट बसत नाही. हे जादा पाणी पुढे उडून जातं, पण त्याच्या वाटा तशाच राहतात. काही नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत रुंदीच्या या केशनलिका एकमेकींना जोडलेल्या असतात. दिसायला दगडासारखं असलेलं काँक्रीट आतून एक अतिशय बारीक स्पंजच असतं.

आता थंडी. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलेलंच आहे. म्हणजे छिद्र सुमारे ९२ टक्क्यांपेक्षा कमी भरलेलं असेल, तर बर्फाला पसरायला जागा मिळते. त्याहून जास्त भरलेलं असेल तर भिंतीवर ताण येतो. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. १९७४ साली दोन संशोधकांनी पाण्याऐवजी बेंझिनमध्ये भिजवलेलं सिमेंट गोठवलं. बेंझिन गोठताना आक्रसतं, तरीही सिमेंट फुगलं! कारण अतिबारीक छिद्रातला द्रव शून्याखालीही द्रवच राहतो आणि मोठ्या छिद्रात तयार झालेला स्फटिक त्याला आपल्याकडे ओढून घेत वाढत जातो. दोन्हींचा अर्थ एकच, की नुसती थंडी काँक्रीटचं फारसं वाकडं करत नाही. भिजलेल्या काँक्रीटवर आलेली थंडी मात्र पोपडे काढते. त्यात बर्फ वितळवायला मीठ टाकलं असेल तर वरची कातडी आणखी लवकर सुटते, आणि नवल म्हणजे फार खारट पाण्यापेक्षा ३ टक्क्यांच्या आसपासचं सौम्य मिठाचं पाणी जास्त नुकसान करतं.

तेव्हा प्रश्न एकच उरतो: पाणी आत का शिरतं? माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सुंदर भाग इथे सुरू होतो.

पाणी आत ‘पडत’ नाही, त्याला आत ओढलं जातं. सिमेंटच्या भिंतीला पाणी आवडतं, पाण्याला भिंत आवडते आणि पृष्ठताण बाकीचं पाणी मागून खेचत आणतो. केशाकर्षणाने पाणी किती चढेल, हे नळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात ठरतं. १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या नळीत गणिताने उत्तर येतं सुमारे १५ मीटर, आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या नळीत १५० मीटर! याउलट ताशी १०० किलोमीटरचा वारा भिंतीवर जो दाब देतो, तो जेमतेम ५ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. वादळी पाऊस काँक्रीटमध्ये ‘घुसतो’ असं आपण म्हणतो, पण वादळाचा वाटा चिल्लर आहे. खरा ओढणारा आत बसलाय.

या सूत्रात त्रिज्येशिवाय आणखी एक राशी असते, ती म्हणजे स्पर्शकोनाची कोसाइन. थेंब पृष्ठभागाशी करतो तो हा कोन. तो ९० अंशांपेक्षा कमी असेल तर कोसाइन धन आणि नळी पाणी ओढते. कोन ९० च्या पुढे गेला की कोसाइन ऋण होते आणि तीच नळी, तेवढ्याच रुंदीची, पाण्याला बाहेर ढकलते. छिद्र बुजवायची गरजच नाही, नुसतं चिन्ह बदलायचं! अळवाचं पान हेच करतं. (त्याच्या अंगावर सूक्ष्म उंचवटेही असतात, ती कथा वेगळी.)

हे चिन्ह बदलण्याचं काम अशा सीलरमधलं सिलेन नावाचं रसायन करतं. सिलिकॉनच्या अणूला चार हात. तीन हातांना अल्कोहोलपासून आलेले गट, चौथ्याला तेलासारखी हायड्रोकार्बनची शेपटी. दमट छिद्रात शिरल्यावर पहिले तीन हात अल्कोहोल सोडून देतात आणि भिंतीवरच्या हायड्रॉक्सिल गटांना (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांना) पकडतात. जो सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तयार होतो, तो वाळूच्या कणातल्या बंधाच्याच जातीचा असतो. काँक्रीट मुळात तीव्र अल्कली असल्यामुळे ही क्रिया तिथे आपोआप वेग घेते. शेवटी भिंतीभर तेलकट शेपट्या आतल्या बाजूला तोंड करून उभ्या राहतात आणि पाण्याला भिंत आवडेनाशी होते. डब्यावर ‘नॅनो टेक्नॉलॉजी’ असं ठळक छापलं असेल तर भुलू नका. सिलेनचा रेणू जन्मतःच नॅनोमीटरच्या घरातला असतो. तसा पाण्याचा रेणू तर त्याहून लहान आहे.

स्पर्शकोन ११० अंश धरला, तर १ मायक्रोमीटरच्या नळीत पाणी ढकलायला आता ५ मीटर उंचीचं पाणी वर उभं करावं लागेल. अंगणातल्या डबक्याला हे जमणार नाही. पण ०.३ मिलिमीटरच्या भेगेत हाच अडथळा पावणेदोन सेंटिमीटरवर येतो, आणि एवढं पाणी तर कुठल्याही खळग्यात साचतं. म्हणून भेगा आधी वेगळ्या भराव्या लागतात. सीलर भेगा सांधत नाही, कुणी काहीही सांगो.

छिद्रं उघडी राहण्याचा फायदा असा, की वाफ बाहेर पडू शकते. जमिनीवरच्या लादीला खालूनही ओल येत असते. वर अॅक्रिलिकचा किंवा इपॉक्सीचा चकचकीत थर दिला, तर ही ओल त्याच्या पोटाशी अडकते, तिथेच गोठते आणि थराबरोबर काँक्रीटचं सालही निघतं.

लावण्याचे नियम यातूनच निघतात. काँक्रीट २८ दिवसांचं झालेलं हवं. पाऊस येऊन गेल्यावर निदान दिवसभर सुकलेलं हवं, कारण छिद्रं आधीच पाण्याने भरलेली असतील तर सिलेनला शिरायला जागा कुठे? तापमान ५ अंशांच्या वर हवं. थोडक्यात, हे थंडी सुरू होण्याआधीचं काम आहे. आणि मूळ मिश्रणच पातळ असेल, त्यात मुद्दाम सोडलेले सूक्ष्म हवेचे बुडबुडे नसतील, तर वरून लावलेलं काहीही उधारीवरचं संरक्षण आहे. ते बुडबुडे म्हणजे बर्फाच्या दाबाला दिलेली मोकळी अंगणं. कुठूनही साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत एखादं सापडलं पाहिजे.

आता त्या मोत्यांकडे येऊ. उन्हाने आणि पायांखाली घासून वरच्या शेपट्या झिजतात, मोती होईनासे होतात आणि लोक म्हणतात, सीलर उतरला. सिलेन लावलेल्या, वरून अशाच झिजलेल्या लादीचा एक तुकडा मी फोडून पाण्यात बुडवला होता. वर ओतलेलं पाणी आता मोती न होता सपाट पसरत होतं, पण फुटलेल्या बाजूवर आतला भाग भिजून काळा झाला आणि वरच्या कडेला तीन-चार मिलिमीटरची फिकट, कोरडी पट्टी तशीच राहिली.