अप्लास्टिक अ‍ॅनिमिया: मज्जा रुजली, पुढची वीस वर्षे

पॉल एर्लिक यांनी १८८८ मध्ये एका गर्भवती तरुणीच्या मृत्यूनंतर रक्तपेशी न उरलेली, चरबीने भरलेली अस्थिमज्जा पाहिली. तिथून या आजाराची, म्हणजे मज्जेने रक्तपेशी बनवणे थांबवण्याची, नोंद सुरू होते. उपचार फार उशिरा आले. एकरूप जुळ्या भावंडाची मज्जा शिरेतून नुसती दिली तरी काहींना पुरली. काहींत मात्र आधी सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिल्यावरच ती रुजली. रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्तीच मज्जा मारते, हा संशय त्यामुळे बळावला.

१९७० च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये डॉनल थॉमस आणि रेनर स्टॉर्ब यांच्या गटाने एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळणाऱ्या भावंडांची मज्जा द्यायला सुरुवात केली. तयारीसाठी सायक्लोफॉस्फमाइड, किलोमागे रोज ५० मिलिग्रॅम, चार दिवस. मोठी अडचण होती ती मज्जा नाकारली जाण्याची. वारंवार रक्त घेतलेल्यांचे शरीर परक्या पेशी ओळखायला आधीच शिकलेले असे. दिलेल्या पेशी किलोमागे ३० कोटींहून कमी असल्या तर धोका आणखी वाढे. प्रत्यारोपणाची शक्यता असल्यास नातेवाइकांचे रक्त देऊ नये, हा नियम यातूनच आला.

नकार टाळण्यासाठी जे उपाय योजले, त्यांची किंमत रुग्णांनी पुढे अनेक वर्षे मोजली. दात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जोडीला दिल्या. मज्जा रुजली, पण दीर्घकालीन जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला, वाढला. काही केंद्रांनी किरणोत्सर्ग वापरला. वर्षांनंतर घन गाठींचे कर्करोग दिसू लागले. ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) दात्याच्या पेशींचा हल्ला उरलेला कर्करोगही मारतो, म्हणून थोडा जीव्हीएचडी चालून जातो. इथे मारायला कर्करोगच नाही. म्हणजे निव्वळ नुकसान.

सिअ‍ॅटलच्या १९९८ च्या पाहणीत निदान दोन वर्षे जगलेल्यांपैकी दीर्घकालीन जीव्हीएचडी नसलेल्यांत वीस वर्षांचे जगण्याचे प्रमाण ८९ टक्के, असलेल्यांत ६९ टक्के निघाले. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेटची जोडी व तयारीत एटीजी (टी-पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, मारणारी प्रतिद्रव्ये) आल्यावर पांढऱ्या पेशींची आणि किरणांची गरज बरीच घटली. मज्जेऐवजी परिघीय, म्हणजे शिरांतून वाहणाऱ्या, रक्तातून रक्त बनवणाऱ्या मूळपेशी गोळा करणे सोपे, पण त्यांत टी-पेशी जास्त; २००७ च्या एका मोठ्या तुलनेत २० वर्षांखालील रुग्णांपैकी अशा मूळपेशी दिलेल्यांत दीर्घकालीन जीव्हीएचडी २७ टक्के, तर मज्जा दिलेल्यांत १२ टक्के दिसला. भावंडाची मज्जा मिळत असेल तर तीच घ्यावी, यात आमच्या मते फारसा वाद नाही.

किरण न घेतलेल्या अनेकांना पुढे मुले झाली. उरते ते लोह: रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम, आणि शरीराकडे ते बाहेर टाकायची वाटच नाही. हिमोग्लोबिन सावरले की ठरावीक अंतराने रक्त काढून ते उतरवता येते. स्टेरॉइड घेतलेल्यांच्या खुब्यातल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये. हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. जीव्हीएचडी होऊन गेलेल्यांची त्वचा आणि तोंड दरवर्षी तपासावे, न भरणारी जखम दिसली तर लगेच तुकडा तपासणीला पाठवावा.